निवळ

बाटली खिडकीसमोर धरली की
तिच्यातून मामा तलाव दिसतो,
पाळ दिसते, पाळीवरचा मोह,
वाळत घातलेली एक हिरवी चादर.
सुकरूदादा म्हणाले,
"हे तं निवळ पाणीच होय जी, मॅडम."

तेल आहे त्यात. चार भागांत एक भाग.
शिवाय साबणाच्या जातीचं एक काहीतरी,
आणि एक अल्कोहोल, ज्याचा वास
तिसऱ्या बाकापर्यंत गेल्यावर
देवांगना बोरकुटे नाकाला ओढणी लावते:
कोणी ढेकूण चिरडला?

घुसळलं नाही. आपणहून मिसळलं,
आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तसंच राहिलं.
दूध निदान पांढरं होऊन सांगतं
की आत कोणीतरी तरंगतंय.
इथे थेंब असतील तर इतके बारीक
की उजेडाला ठेचही लागत नाही.

म्हणून आत माणसं पाठवायची.
फेरोसीन, केशरी, तेलाचं:
पाण्यात पाऊल टाकत नाही.
फेरोसायनाइड, फिकट पिवळं, पाण्याचं:
तेलाच्या उंबऱ्यावरून मागे फिरतं.
दोघांच्याही पोटात लोखंडच.
दाराशी तीन मिलिमीटरचा काळा कार्बन,
त्याला एवढंच कळतं,
कोण किती लवकर पोचलं.

तो कार्बन दर वेळी घासायचा
ओल्या मखमलीवर, पांढऱ्या भुकटीत,
इंग्रजी आठ गिरवत.
मराठी आठ चालत नाही,
तो गेला की परत येत नाही.

पाणी जास्त होतं तेव्हा पिवळं धावत आलं.
केशरी रेंगाळलं,
अख्ख्या थेंबाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन.
त्याचं शिखर बुटकं.
तेल वाढवत नेलं.
सातव्या बाटलीला वीज गेली.
आठवीला कोणाचा तरी कृषिपंप सुरू झाला
आणि त्याची धाप वक्राच्या अंगभर उठली.
नववीत दोन्ही शिखरं उंच.

चुकलं असेल म्हणून पुन्हा घासलं,
पुन्हा नायट्रोजन सोडला, पंखा बंद केला.
दोन्ही उंच.
म्हणजे तेलाला अडवणारं कोणी नाही
आणि पाण्यालाही नाही.
म्हणजे थेंब नाहीतच,
दोघंही सलग, एकमेकांतून,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"फळ्यावर काढा ना मॅडम."
मी बांध्या काढल्या, धुरे काढले.
धुरा सलग ठेवला की पाणी तुटतं.
पाण्यासाठी धुरा फोडला
की त्यावरून चाललेली बाई अडते,
डोक्यावर भाऱ्यासकट.
तीन वेळा काढलं, तीन वेळा पुसलं.
फळ्याला खोली नाही, हे मला
एकवीस वर्षं शिकवून आज दिसलं.

मागे नळाशी सुकरूदादा
चंचुपात्रं घासत होते,
वाळक्या दोडक्याच्या जाळीनं.
मी ती जाळी त्यांच्या हातातून घेतली,
घेतली कसली, ओढलीच.
ब्लेडने मधोमध कापली.
एकही धागा सुटा नाही.
एकही भोक बंद नाही.
एका टोकाला नळ सोडला, दुसऱ्याने पाणी आलं,
आणि एका टोकाला मुंगी होती, तीही
धाग्याधाग्यानं, पाय न भिजवता,
पलीकडे निघाली होती.

"न्या जी अजून," दादा म्हणाले,
"घरी वेलावरच वाळले दहा-बारा.
पण हा तं कामाचा होता."

वहीत 'रचना' या रकान्यात
मी लिहिलं: द्विसंतत.
खाली पेन्सिलनं देवांगनाच्या अक्षरात: दोडका.
परीक्षकाला दाखवण्याआधी खोडायला हवं.
अजून खोडलं नाही.

दहावी बाटली उद्या.
तिच्यात बहुतेक पिवळ्यावर
बिऱ्हाड उचलायची पाळी येईल.
आत्ता तरी, दिवा लावण्याआधीच्या उजेडात,
तीही निवळच दिसते.